सांडलेलं रक्त: रक्तपेढी ६५ किलोमीटर लांब असताना फुटलेल्या गर्भनलिकेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कमी साधनांतल्या शस्त्रक्रियेचा विषय सोलापुरात निघाला की १९३८ साली चीनला गेलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचं नाव येतंच. त्यासाठी चीनपर्यंत जायची मात्र गरज नाही. सोलापूर शहरापासून ६५ किलोमीटर आत, उजनीच्या पाण्यावर वाढलेल्या ऊसपट्ट्यातलं एक वीस खाटांचं रुग्णालय पुरेसं आहे. इथे ऑपरेशन थिएटर एकच. पूर्णवेळ सर्जन एक, बीएएमएस वैद्यकीय अधिकारी एक, सिस्टर चार. भूलतज्ज्ञ २५ किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावाहून, बोलावल्यावर येतात. व्हेंटिलेटर नाही. ऑक्सिजनचे जम्बो सिलिंडर दोन आणि पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर एक. सोनोग्राफी मशीन आहे, पण गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली ज्यांच्या नावावर नोंद आहे ते डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येतात. इतर वेळी मशीन कुलपात. रक्तपेढी नाही, रक्त साठवणूक केंद्रही नाही.

गाळप हंगामात या भागाची लोकसंख्या एकदम वाढते. बीडकडून आलेल्या टोळ्या कारखान्याच्या आसपास कोप्या टाकून राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल घेतलेली असते ती कोयत्यावर. एकजण आजारी पडला की कोयता मोडतो, खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. ही माहिती वैद्यकीय टिपणात सहसा येत नाही. या प्रकरणात मात्र बाई २६ तास उशिरा का आली आणि पाचव्या दिवशीच का गेली, ही दोन्ही उत्तरं तिथेच आहेत.

ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि इतर खुणा बदलल्या आहेत.

रुग्ण आली तेव्हा

जानेवारीतली संध्याकाळ, ६ वाजून ४० मिनिटं. साधारण तिशीतली ऊसतोड करणारी बाई, वजन अंदाजे ४२ किलो. मोटरसायकलवर पुढे नवरा, मागे दीर, मध्ये ती. आणताना तिचे पाय साडीने बांधून घेतले होते, कारण ती बसलेलीच टिकत नव्हती.

आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास फडात ओटीपोटात कळ आली. बसली, गोळी घेतली. रात्री गावातल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या आणि एक इंजेक्शन दिलं. थोडं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फडात. दुपारी साडेतीनला मोळी डोक्यावर घेताना पोटात काहीतरी तुटल्यासारखं झालं, उलटी झाली आणि ती खाली पडली. तेव्हापासून उजवा खांदा दुखतोय, असं ती सांगत होती.

तपासताना पल्स १३८, बीपी ७० आणि खालचा आकडा लागत नाही. हातपाय गार, डोळ्यांच्या पापण्या आतून कागदासारख्या पांढऱ्या. पोट फुगलेलं, पण दगडासारखं कडक नाही. साहलीच्या पद्धतीने हिमोग्लोबिन ५.२.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पाळीबद्दल विचारलं. उत्तर आलं, “माझं ऑपरेशन झालंय. बिनटाक्याचं. सहा वर्षं झाली.”

या एका वाक्याने पुढची दहा मिनिटं चुकीच्या रस्त्याने गेली. नसबंदी झालेली आहे म्हणजे गर्भाचा प्रश्न नाही, असं धरून जठराला भोक पडलं असावं किंवा स्वादुपिंडाला सूज असावी, असा विचार सुरू झाला. खरं तर उलटं आहे. नसबंदीनंतर गर्भ राहण्याची शक्यता फार कमी असते. पण राहिलाच, तर साधारण तीनांत एक गर्भ पिशवीबाहेर, बहुतेक वेळा नलिकेत असतो. म्हणजे नसबंदी झालेल्या बाईचं पोट दुखतंय आणि ती पांढरी पडली आहे, तर नलिकेतला गर्भ यादीत वर जायला हवा, खाली नाही. खांदेदुखीही तेच सांगत होती. पोटातलं रक्त छाती-पोटाच्या मधल्या पडदा-स्नायूला लागलं की दुखणं खांद्यात उमटतं.

मार्ग सुधारला तो दोन साध्या गोष्टींनी. कॅथेटर घातला तेव्हा जेमतेम ३० मिली लघवी आली, तिच्यावर गर्भ राहिलाय का हे दाखवणारं कार्ड लावलं आणि दोन रेघा उमटल्या. आणि पोटाच्या उजव्या कुशीत १८ नंबरची सुई घालून ओढल्यावर ५ मिली गडद रक्त आलं. ते साध्या बल्बमध्ये, म्हणजे काचेच्या नळीत, ठेवलं. दहा मिनिटांनीही गोठलं नाही. पोटात साचलेल्या रक्तातला फायब्रिन आधीच निघून गेलेला असतो, म्हणून ते गोठत नाही. सुई चुकून शिरेत गेली असती तर बल्बात गाठ झाली असती. त्याच वेळी हाताच्या शिरेतलं २ मिली रक्त दुसऱ्या बल्बमध्ये घेऊन मुठीत धरलं. ते सहा मिनिटांत गोठलं. म्हणजे अंगातली गोठण्याची क्रिया अजून शाबूत होती.

निदानाला सोनोग्राफी लागली नाही. मशीन कुलपातच राहिलं.

समोरचे पर्याय

घड्याळात ७ वाजून ५ मिनिटं झाली होती. तीन रस्ते होते.

पहिला, सोलापूरला पाठवणं. १०८ ला फोन केला. गाडी यायला ३५ मिनिटं लागतील असं कळलं. पुढे ६५ किलोमीटर. हंगामात या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर चालतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर नसतात, ओव्हरटेकला जागा नसते. दीड तास तरी धरायचा. तिथे पोचल्यावर पुन्हा केसपेपर, रक्तगट, थिएटर. नलिकेतून रक्त वाहतच आहे आणि गाडीत सलाइनशिवाय देण्यासारखं काही नाही, असे तीन तास ४२ किलोच्या बाईला मिळणार नव्हते. तिचं एकूण रक्तच तीन लिटरच्या आत.

दुसरा, रक्त मागवून मग ऑपरेशन. दिराला रक्ताचा नमुना आणि मागणीपत्र देऊन ७ वाजून १० मिनिटांनी जीपने पाठवलंच. पण त्यावर थांबायचं नाही, हे तेव्हाच ठरलं. नातेवाइकाचं रक्त तिथेच काढून, रक्तपेढीची तपासणी न करता चढवणं कायद्यात बसत नाही आणि धोक्याचंही आहे. तो पर्याय यादीत नव्हता.

तिसरा, लगेच पोट उघडायचं, नलिकेला चिमटा लावायचा आणि पोटात सांडलेलं तिचंच रक्त गाळून तिला परत द्यायचं. यात नवलाचं काही नाही. जर्मनीत थीस यांनी १९१४ मध्ये फुटलेल्या नलिकेच्या रुग्णांवर नेमकं हेच केलं होतं. आफ्रिकेतल्या अनेक जिल्हा रुग्णालयांत, जिथे फ्रिजमधली पिशवी ही चैन आहे, तिथे आजही हे केलं जातं. गट जुळवावा लागत नाही, बाहेरचा संसर्ग येत नाही, रक्त अंगाइतकंच कोमट असतं. अडचण एवढीच की रक्त स्वच्छ हवं. त्यात आतड्यातला मळ, पू किंवा गर्भजल मिसळलेलं असेल तर ते टाकून द्यायचं.

आणि ते ताजं हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत सहा तासांपेक्षा जुनं सांडलेलं रक्त परत देऊ नये असं आहे, कारण फुटलेल्या लाल पेशी मूत्रपिंडाला त्रास देतात. इथे खरा पेच होता. पहिली कळ २७ तासांपूर्वीची, कोसळली ती साडेतीनला. मग पोटातलं रक्त किती जुनं?

निर्णय तपासणीच्या बल्बवर झाला. कुशीतून काढलेला ५ मिलीचा बल्ब स्टँडमध्ये तसाच उभा होता. पाऊण तासात पेशी खाली बसायला लागल्या होत्या आणि वर बोटभर पाणी सुटलं होतं. ते पाणी गव्हाच्या काडीसारखं पिवळट होतं, किंचित गुलाबी झाक. लालभडक असतं तर पेशी फुटल्या आहेत असं समजून बेत सोडला असता. आदल्या दिवशी थोडी गळती झाली असावी, तिच्या गाठी खाली तळाशी असणार. पातळ रक्त साडेतीननंतरचं. म्हणून ठरलं ते असं: पातळ तेवढं घ्यायचं, गाठी घ्यायच्या नाहीत, पिळायच्या नाहीत.

इथे एक पुस्ती जोडायला हवी. बीपी १०० आणि पल्स १०० च्या आसपास असती, तर याच रुग्णालयाने तिला दोन सुया लावून, सोबत सिस्टर देऊन सोलापूरला पाठवलं असतं, आणि तेच बरोबर ठरलं असतं. तिसरा पर्याय शौर्याचा म्हणून निवडलेला नाही. पहिल्या दोघांना वेळ उरला नव्हता.

संमती

नवऱ्याला थिएटरच्या दारात समजावलं. त्याचा प्रश्न सरळ होता.

“सांडलेलं रक्त परत कसं घालायचं, डॉक्टरसाहेब? ते खराब नाही का झालं?”

सिस्टरने उत्तर दिलं, “दादा, ते जमिनीवर नाही सांडलेलं. पोटात, स्वच्छ जागी आहे. गाळून घेणार. दुसऱ्याचं यायला मध्यरात्र होईल.”

बाई शुद्धीवर होती. तिलाही विचारलं. तिने मान हलवली आणि अंगठा दिला. कागदावर लिहिलं ते ‘पोट उघडून रक्तस्राव थांबवणे, बाधित गर्भनलिका काढणे, स्वतःचेच रक्त देणे’. घाईत लिहिलेला ‘बाधित’ हा शब्द पुढे आडवा आला. त्याबद्दल खाली.

तयारी

दोन्ही हातांच्या शिरांत १८ नंबरचे व्हेनफ्लॉन. त्याहून जाड १६ नंबरचे संपलेले होते. रिंगर लॅक्टेट ऑपरेशनआधी एकूण एकच लिटर दिलं. बीपी ८० ते ९० आणि मनगटाची नाडी लागणं एवढंच लक्ष्य. चिमटा लागेपर्यंत बीपी ११० करण्याच्या नादात तीन बाटल्या ओतल्या तर गाठ सुटते, रक्त आणखी पातळ होतं, अंग गार पडतं. बाटल्या गरम पाण्याच्या बादलीत ठेवून कोमट केल्या होत्या. जानेवारीच्या रात्री कपाटातली बाटली १८-२० अंशांवर असते, आणि गार रक्त नीट गोठत नाही. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत हळू दिलं.

भूलतज्ज्ञ दुसरीकडे सिझेरियनमध्ये होते. ८ च्या पुढे येतो म्हणाले. थांबायचं की सुरू करायचं? पाठीतली भूल या बीपीला देणं म्हणजे हृदय थांबवण्यासारखं, ती बादच. फोनवर बोलून ठरलं: केटामिन, म्हणजे शिरेतून द्यायची भूल. नेहमीचा डोस किलोला २ मिग्रॅपर्यंत जातो, इथे ४० मिग्रॅच, म्हणजे किलोला १ च्या आत. शरीराने स्वतःचं ॲड्रेनलिन संपवत आणलेलं असतं तेव्हा केटामिननेही बीपी पडू शकतं. आधी ॲट्रोपिन ०.६ मिग्रॅ. गुंगीचं मिडॅझोलॅम चिमटा लागेपर्यंत द्यायचं नाही. दुपारी भाकरी खाल्लेली होती, म्हणून सक्शन सुरू करून उशाशी, टेबल डोक्याकडे खाली करता येईल असं मोकळं. वैद्यकीय अधिकारी डोक्याशी, त्यांना दुसरं काम नाही.

क्रम महत्त्वाचा: पोट धुऊन, रंगवून, चादरी लावून, सुरी हातात घेऊन मग केटामिन. उलटं केलं तर भूल उतरायला लागते तेव्हा चादरीच लावणं चालू असतं.

रक्त गोळा करण्याचा संच असा होता: ३५० मिली रक्ताच्या सीपीडीए पिशव्या चार, प्रत्येकीत ४९ मिली गोठणरोधक द्रव. निर्जंतुक स्टीलचं मोठं भांडं एक, १०० मिलीची गॅलीपॉट, म्हणजे स्टीलची छोटी वाटी, एक, गॉजचे मोठे तुकडे, ५० मिलीच्या सिरिंज दोन, रक्त चढवायच्या, जाळी असलेल्या नळ्या म्हणजे बीटी सेट. पिशव्या कपाटात होत्या कारण गेल्या हंगामानंतर कुणीतरी त्या आठवणीने आणून ठेवल्या होत्या. ऐनवेळी त्या मागवाव्या लागल्या असत्या तर हे लिहिण्याचं कारणच उरलं नसतं.

ऑपरेशन

७ वाजून ५० ला बेंबीखाली उभा छेद. पोटाचा शेवटचा पडदा निळा-काळा दिसत होता, आतून दाबाखाली. इथेच पहिली चूक झाली. पडद्याला दोन बोटांचं भोक पाडून, गॅलीपॉट तोंडाशी धरून रक्त घ्यायला हवं होतं. पडदा एकदम लांब उघडला गेला, गॅलीपॉट अजून ट्रॉलीवर होती, आणि पहिलं अंदाजे २५० मिली चादरीवरून खाली फरशीवर गेलं. तिच्या एकूण रक्ताचा बारावा भाग. थिएटरमध्ये सगळ्यांना तो आवाज ऐकू आला.

यानंतर सर्जनचा हात रक्तातून सरळ गर्भाशयावर. डोळ्यांनी काही दिसत नाही, बोटांनीच शोधायचं. गर्भाशय मुठीत धरून वर ओढलं, उजवी नलिका बाहेर आली. तिच्या रुंद भागात सुपारीएवढी फुगवटी, एका बाजूने फाटलेली, थेंब नाही, धार. ७ वाजून ५६ ला दोन चिमटे. त्यानंतर थिएटरमधला वेग मुद्दाम कमी केला.

आता रक्त. सक्शन वापरलं नाही. जोराच्या सक्शनमध्ये हवा आणि रक्त एकत्र घुसळतं, फेस होतो आणि पेशी फुटतात. गॅलीपॉटने हळूच भरून घ्यायचं, पळीने ताक घ्यावं तसं, तळ न ढवळता. मोठ्या भांड्यावर सहा पदरी गॉज, आधी सलाइनने ओला केलेला. कोरडा गॉज रक्त पितो आणि धागे सोडतो. गाळलेलं रक्त पिशवीत न्यायला पिशवीच्या नळीची सुई कापली आणि तिथे दट्ट्या काढलेली ५० मिलीची सिरिंज नरसाळ्यासारखी घट्ट बसवली. वरून ओतत राहायचं, खाली सहकाऱ्याने पिशवी सतत डोलवत राहायची. पिशवी स्थिर राहिली तर ४९ मिली द्रव तळाला आणि न मिसळलेलं रक्त वर, असं होतं. भरल्यावर नळीला दोन गाठी.

पहिली पिशवी साडेतीन गॅलीपॉट. ८ वाजून ८ मिनिटांनी ती डाव्या हाताला सुरू झाली. दोन मिनिटांनी भूलतज्ज्ञ पोचले आणि डोक्याकडची जबाबदारी त्यांनी घेतली.

दुसरी चूक इथली. गॅलीपॉट मोजायचं काम फिरत्या सिस्टरकडे होतं, ती फळ्यावर रेघ मारत होती. भूलतज्ज्ञ आल्यावर त्यांना औषधं काढून देण्यात एक रेघ राहिली. दुसऱ्या पिशवीत ३५० ऐवजी साधारण ४५० मिली गेलं. द्रव तेवढ्याला पुरला नाही, बारीक गाठी झाल्या, आणि बीटी सेटची जाळी अर्ध्यातच बंद पडली. सेट बदलला, थेंब पुन्हा सुरू झाले, पंधरा मिनिटं वाया. जाळीने तिचं काम केलं, गाठी बाईपर्यंत गेल्या नाहीत. साधा सलाइनचा सेट लावलेला असता तर गेल्या असत्या.

तिसरी पिशवी नीट भरली. एकूण परत मिळालेलं रक्त अंदाजे ११५० मिली. गाठी, सुमारे अर्धा किलो, ओंजळीने काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवल्या. परत दिलेल्या रक्तात लाल पेशी असतात, पण गोठवणारी द्रव्यं आणि प्लेटलेट जवळपास नसतात. म्हणून जखमेतला प्रत्येक छोटा थेंबही बांधून घेतला. भरपूर रक्त दिलंय, आता झिरपलं तरी चालेल, असं इथे म्हणता येत नाही. पिशवीतल्या द्रवाने अंगातलं कॅल्शियम उतरलं तर द्यायला कॅल्शियम ग्लुकोनेट भरून ठेवलं होतं, लागलं नाही.

उजवी नलिका काढली. डाव्या बाजूला नसबंदीची रिंग जागेवर दिसत होती. उजवीकडे रिंगच्या पलीकडचा तुकडा पुन्हा जोडला गेला होता. प्रश्न आला, डावीही काढायची का? एकदा नसबंदी फसलेल्या बाईची दुसरी बाजूही फसू शकते. काढायला सहा-सात मिनिटं लागली असती. बीपी तोवर ९६ वर आलं होतं. पण कागदावर ‘बाधित नलिका’ होतं, आणि बाई भुलेत होती. नवऱ्याला विचारून तिच्या शरीराचा निर्णय घ्यायचा नाही, असं ठरवून डावी तशीच ठेवली. ८ वाजून ५० ला टाके पूर्ण झाले.

रात्र

पहिले दोन तास लघवी तांबूस होती. काही पेशी फुटल्याच होत्या. लक्ष्य तासाला ४० मिली ठेवलं, म्हणजे नेहमीच्या किमान मापाच्या दुप्पट, मूत्रपिंडातून ते धुऊन जावं म्हणून. रिंगर लॅक्टेट चालू ठेवलं. अकरापर्यंत रंग पिवळा झाला. ताप १००.४ पर्यंत गेला, सकाळी उतरला.

दीर १२ वाजून ५० ला परतला. रक्तपेढीवर दोन पिशव्या मागितल्या होत्या. बदली रक्तदाता एकच, पिशवीही एकच मिळाली. जाऊन-येऊन पावणेसहा तास. सोलापूरच्या रक्तपेढीने उशीर केला असं नाही. रस्ता, गट तपासणी, जुळवणी, रक्तदात्याची सुई, या सगळ्याला लागतो तेवढाच वेळ लागला.

तेव्हा हिमोग्लोबिन ६.८, पल्स १०४, बीपी १०४. ही पिशवी द्यावी का? बाई स्थिर होती. रक्तस्राव थांबलेला. लोह देऊन भागलं असतं, असं म्हणायला जागा होती. पण रक्त ठेवायला २ ते ६ अंशांचा फ्रिज नव्हता, लशींच्या किंवा घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं, आणि परत पाठवायची वेळ निघून गेली होती. पिशवी दिली. काही त्रास झाला नाही. तरीही ‘ठेवायला जागा नाही’ हे रक्त चढवण्याचं कारण होऊ शकत नाही, आणि त्या रात्री बऱ्याच अंशी तेच कारण होतं.

निष्पत्ती

सकाळी हिमोग्लोबिन ७.९. दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.१, बाई कॉटच्या कडेला बसली, पेज प्यायली. रक्तगट बी पॉझिटिव्ह, त्यामुळे निगेटिव्ह गटाच्या बाईला द्यावं लागणारं अँटी-डी इंजेक्शन लागलं नाही. आयर्न सुक्रोज २०० मिग्रॅचे दोन डोस एक दिवसाआड सलाइनमधून दिले. हिशेबाने पाच हवे होते.

पाचव्या दिवशी मुकादम आला. वॉर्डात तो नीट बोलला, आवाज चढवला नाही. कोयता पाच दिवस बंद आहे, टोळीवर भार येतोय, एवढंच म्हणाला. टाके दहाव्या दिवशी काढायचे होते. ‘सल्ल्याविरुद्ध’ असं लिहून ती गेली. सोबत लोहाच्या गोळ्या, सहा आठवडे मोळी उचलायची नाही असं लिहिलेला कागद आणि कार्डाच्या दोन पट्ट्या. दहाव्या दिवशी टाके काढायला आली, जखम कोरडी होती. हात मात्र उसाच्या पाचटाने नव्याने चिरलेले होते. तोडते नाही, फक्त वाढं गोळा करते, असं म्हणाली.

डाव्या नलिकेबद्दल तेव्हा तिला एकटीला सांगितलं. दुसरं ऑपरेशन नको म्हणाली. पाळी पाच दिवस पुढे गेली तर कार्ड लावायचं, दोन रेघा आल्या तर पोट दुखो न दुखो, त्याच दिवशी यायचं, हे तिच्याकडून म्हणून घेतलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा वेळ रुग्णालयाबाहेर गेला. आदल्या रात्री गावात कार्ड लावलं असतं तर ती चालत आली असती, आणि परत देण्याइतकं रक्त पोटात साचलंच नसतं. त्या डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे. पण ‘ऑपरेशन झालंय’ या वाक्याने रुग्णालयातही दहा मिनिटं खाल्लीच. आता केसपेपरवर शिक्का आहे: पंधरा ते पन्नास वयाची बाई, पोटदुखी किंवा चक्कर, तर कार्ड आधी, प्रश्न नंतर. नसबंदी झालेली असली तरी. लघवी येत नसेल तर कॅथेटर घालून.

संमतीपत्राचा मजकूर बदलला. नसबंदी झालेल्या बाईसाठी ‘दुसऱ्या बाजूची नलिकाही काढायची का’ असा वेगळा हो-नाही रकाना केला, तो तिच्याशी बोलून भरायचा. डावी नलिका ठेवल्याबद्दल आजही एकमत नाही. सर्जनच्या मते निर्णय बरोबर, पण तो कागदामुळे घ्यावा लागला हे चूक. भूलतज्ज्ञांच्या मते सहा मिनिटांसाठी दुसऱ्या ऑपरेशनचा धोका ठेवला.

पडदा उघडण्याआधी गॅलीपॉट कुणाच्या हातात आहे हे आता मोठ्याने विचारलं जातं. मोजणाऱ्या माणसाला मोजण्याशिवाय दुसरं काम द्यायचं नाही. रात्री माणूस नसेल तर मावशी मोजतात, त्या कधी चुकत नाहीत, कारण त्यांना कुणी मध्येच औषध काढायला सांगत नाही. शिवाय पिशवी वजनकाट्यावर ठेवून भरायची. घाईत रेघ चुकते, काटा चुकत नाही.

साठवणूक केंद्राचा अर्ज केला आहे. वर्षाला २००० पिशव्यांपेक्षा कमी वापर असलेल्या केंद्राला रक्तपेढीसारखा परवाना लागत नाही, मान्यता लागते. मोठ्या रक्तपेढीशी करार, फ्रिज, प्रशिक्षित तंत्रज्ञ. अडलंय ते फ्रिजपाशी नाही, तंत्रज्ञापाशी. तो इथे राहायला तयार नाही.

तोवर थिएटरच्या कपाटात लाल डबा आहे. चार पिशव्या, दोन बीटी सेट, दोन सिरिंज, गॉजचं निर्जंतुक पुडकं, स्टीलचं भांडं, गॅलीपॉट. पिशव्यांचं फॉइल उघडायचं नाही, उघडल्यावर त्या फार दिवस टिकत नाहीत. डब्याच्या झाकणावर मुदतीची तारीख मार्करने लिहिलेली असते आणि दर महिन्याच्या एक तारखेला सिस्टर ती वाचून सही करतात. मार्चमध्ये दोन पिशव्यांची मुदत संपली, त्या बदलल्या.